थंड की शिळी?

एकदा एक वृद्ध सुईण आपल्या तरुण शिष्येसह मैना नावाच्या गर्भवतीला तपासायला गेली. मैनेला सातवा महिना लागला होता आणि कुल्फीचे डोहाळे आवरत नव्हते. घरात मात्र न्यायसभाच भरली होती. सासूबाई म्हणत, थंड बाधतं. शेजारीण म्हणे, डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते. नवरा दोघींच्याही म्हणण्याला मान डोलावी. मैना नुसती रडत होती. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचा गर्भ गेला, त्याच्या आदल्या दिवशी तिने कुल्फी खाल्ली होती. सासूबाईंनी तेव्हा ते बोलून दाखवले आणि मैनेने तो दोष कायमचा पदरात बांधून घेतला.

शिष्येने तत्परतेने सांगितले, "थंड वर्ज्य!" वहीत तसे लिहिलेही. इतक्यात दारावरून कुल्फीवाला चालला. सुईणीने त्याला थांबवून काहीतरी विचारले, एक कुल्फी घेतली, निरखली आणि मैनेच्या हातात दिली. "खा गं. पण एकच, साखर असते त्यात." मैनेने ती भीतभीतच संपवली. शिष्येने खजील होऊन 'वर्ज्य' खोडले व 'चालते' लिहिले.

चार दिवसांनी दोघी पुन्हा गेल्या. तोच कुल्फीवाला, तेच मडके. या खेपेस शिष्येने स्वतःच पुढे होऊन कुल्फी आणली. मैना ती तोंडाला लावणार, तोच म्हातारीने हिसकावून घेतली आणि थेट मोरीत टाकली.

शिष्या रडकुंडीला आली. "आक्का, मागच्या खेपेस तुम्हीच दिलीत ना? थंड चालतं की नाही, एकदाचं काय ते सांगा. माझ्या वहीत नुसती खाडाखोड झालीय!"

सुईण शांतपणे म्हणाली, "तू 'थंड' हा शब्द धरून बसलीस. अगं, कुल्फी पोटात जाईपर्यंत कोमट होते, बाळाला तिचा गारवा कळतही नाही. त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, दूध नीट उकळून आटवलंस का, आणि कुल्फी आजचीच का. आज तू काहीच विचारलं नाहीस. ही कुल्फी एका अंगाला बसलेली होती आणि वर बर्फाचे काटे होते. म्हणजे एकदा वितळलेली पुन्हा गोठवली. जंतू उकळताना मरतात, गारठ्यात नुसते निजतात. वितळलं की जागे होतात, आणि पोटुशीला ते फार भोवतात."

मैनेने हळूच विचारले, "आक्का, मग तेव्हा माझ्या कुल्फीनंच..."

सुईणीने तिचा हात हातात घेतला. "तुझं बाळ का गेलं, मला ठाऊक नाही. पुष्कळदा ते कुणालाच कळत नाही. पण थंड खाल्ल्यानं ते गेलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते. तुझा काही दोष नव्हता, पोरी."

मैना ओक्साबोक्शी रडली. शिष्येने 'चालते' हेही खोडले आणि तिथे लिहिले: 'आधी विचारावे, मग पाहावे.'

सासूबाई उठून आत गेल्या, दुधाचे पातेले चुलीवर चढवले आणि उकळी येऊन दूध आटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.