टेक्लाची टाकी

स्पेनच्या उत्तरेला, ओखा नदीच्या काठी, सालदुएन्दो घराण्याचे जुने तळघर आहे. तिथे ओकच्या लाकडाची, दोन पुरुष उंचीची एक टाकी आहे. तिला 'टेक्लाची टाकी' म्हणतात. इलारिओ नावाचे वृद्ध गृहस्थ पाहुण्यांना तळघर दाखवतात. या टाकीपाशी आले की ते टोपी काढतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी या घरात दोन बहिणी होत्या, थोरली कासिल्दा आणि धाकटी टेक्ला. आई लवकर गेली, तेव्हा कासिल्दानेच टेक्लाला वाढवले. वडील मळा पाहत आणि तळघर या दोघी. द्राक्षे तुडवायची, टाकीत रस आंबला की वाइन ओकच्या पिंपांत भरायची, दर सहा महिन्यांनी ती एका पिंपातून दुसऱ्यात हळूच उतरवायची, गाळ मागे ठेवायचा. अशी चार वर्षे गेल्यावर ती पिण्याजोगी होई.

एका हंगामात कासिल्दाच्या कानावर आले, की टेक्लाने पिंपे बनवणाऱ्या मार्सियाल नावाच्या कारागिराला लग्नाचे वचन दिले आहे. तो समुद्राकाठच्या गावचा. इथल्या सगळ्या गावाला हे ठाऊक होते, कासिल्दाला मात्र नाही. टेक्ला काही सांगू गेली, तर कासिल्दा म्हणाली, "एक शब्द बोलू नकोस माझ्याशी. जायचंय ना तुला? जा."

त्याच दिवशी टाकी रिकामी करायची होती. वाइन काढून घेतली, की तळाशी द्राक्षांचा चोथा उरतो. तो फावड्याने उपसायला एकीला आत उतरावे लागे. चोथा उकरताना त्यातून जड हवा उठते आणि माणसाची शुद्ध हरपते. म्हणून आधी पेटती मेणबत्ती आत सोडून ती विझत नाही ना, हे पाहत आणि आतली बहीण काम करता करता गात राही. गाणे थांबले, की बाहेरचीने दोर ओढायचा.

त्या दिवशी मेणबत्ती नीट जळली. कमरेला दोर बांधून टेक्ला आत उतरली. पण ती गायली नाही. कासिल्दाने बोलू नकोस म्हटले होते, म्हणून ती बोलली नाही.

कासिल्दा टाकीकडे पाठ करून बसली. फावड्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. दमली असेल, असे तिला वाटले. मग वाटले, फुरंगटली असेल. आपणच का आधी बोलायचे, म्हणून ती गप्प बसून राहिली, असे सांगतात. किती वेळ, ते तिने कुणालाच सांगितले नाही. शेवटी ती म्हणाली, "टेक्ला, ये बाहेर. जेवून घेऊ."

तिने दोर ओढला, तर तो जड लागला.

टेक्लाला पुरून आल्यावर वडील त्या टाकीतून काढलेली वाइन नदीत ओतायला निघाले होते. कासिल्दा पिंपांसमोर आडवी उभी राहिली. "ही द्राक्षं तिने तुडवलीत," एवढेच म्हणाली. चार वर्षे तिने त्या सात पिंपांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

चौथ्या वर्षी मार्सियाल आला, म्हणे. इतकी वर्षे त्याला या घराची पायरी चढू दिली नव्हती. तिने त्याला पेला भरून दिला आणि विचारले, "तुम्ही तिला कधी नेणार होतात?"

तो गोंधळला. "नेणार? मीच इथे राहायला येणार होतो. तुम्हाला सोडून ती कुठेही जाणार नाही, अशी तिची अट होती. द्राक्षं पिळून झाली की तुम्हाला सांगते, म्हणाली होती."

कासिल्दा त्याचा पेला पुन्हा भरत राहिली आणि त्यातली वाइन बाहेर सांडू लागली तरी तिला कळले नाही. त्यानंतर ती चाळीस वर्षे जगली. दर हंगामात जो कुणी टाकीत उतरे, त्याच्यासाठी दोर धरून तीच उभी राही. टाकीकडे तोंड करून.

आजही या टाकीत कुणी मुक्याने उतरत नाही. हवा मोजायचे यंत्र आले आहे, तरी आतला माणूस गातो, नाहीतर गावातल्या भानगडी सांगतो, बायकोच्या तक्रारी करतो. ज्या दोघांत अबोला आहे, त्यांना या कामावर एकत्र धाडत नाहीत. आणि आतला माणूस श्वास घ्यायला जरी क्षणभर थांबला, तरी दोर धरणारा लगेच वाकून हाक मारतो, "बोल, बाबा. काहीही बोल."