पांढरी नखे

पूर्वी शंखपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना, रंगाऱ्यांच्या आळीत एके सकाळी उत्पलेला आपल्या सासऱ्यांची नखे पांढरी दिसली आणि तिच्या हातातला तांब्या निसटला.

निळीच्या घरात पांढरी नखे! रंगाऱ्याची नखे चितेवरही निळीच असतात, असे आळीत म्हणत. वृद्ध नंदिक पन्नास वर्षे रांजणात बोट बुडवून, चाखून सांगत आले होते की नीळ आंबली की सडली. मग त्यांच्या नजरेच्या मध्यावर धुके उतरले. कडेचे दिसे, समोरचे नाही. "सूनबाई, तुझे कान तेवढे दिसतात गं, तोंड कुठे ठेवून आलीस?" असे म्हणून ते हसत. पुढे त्यांनी कुणाच्या लग्नाचे हळदीचे वस्त्र निळीत बुडवले. मुलगा सोमिल रागावला नाही. "बाबा, पुष्कळ केलेत. आता आरामात बसा," म्हणाला. सर्वांनी त्यांना जपले. ताट हातात दिले, पाणी हातात दिले.

थट्टा कधी थांबली ते मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही. आता घास तसाच राही, आणि नंदिक दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

बोधिसत्त्व त्या वेळी त्याच नगरात वैद्य होते. उत्पलेने त्यांना बोलावणे धाडले. त्यांनी नंदिकांचे डोळे पाहिले, मग बराच वेळ हात हातात धरून ते हलक्या आवाजात बोलत बसले. ते बाहेर आल्यावर सोमिलने त्यांच्यापुढे राजवाड्यासाठी रंगवलेली शाल ठेवली. "काहीतरी अंजन द्याच, वैद्यबुवा."

"ही दृष्टी परत आणील असे अंजन माझ्यापाशी नाही. रिकामी डबी देऊन शाल कशी नेऊ?" बोधिसत्त्व म्हणाले. "दुखणे दुसरेच वाढले आहे. त्यांनी मला विचारले, डोळे कायमचे मिटायचे औषध आहे का."

उत्पला उंबऱ्यावर बसली. रोज दोन वेळा ती त्यांच्याशी बोलत होती. जेवलात का, पाणी हवे का. एवढेच!

"त्यांना एकटे सोडू नका. मी रोज येऊन बसेन," बोधिसत्त्व म्हणाले. "आणि त्यांचे काम कुणी काढून घेतले?"

"म्हाताऱ्या बापाला राबवतो, असे आळी म्हणेल!" सोमिल म्हणाला.

"म्हणू दे. पण खोटे काम देऊ नका. म्हातारी माणसे ते लगेच ओळखतात."

तिसऱ्या दिवशी सोमिल नदीवर कापड धुवायला गेला. नवा रांजण फसफसत होता, पण उत्पलेने बुडवलेला धागा राखेसारखा निघाला. रांजण वाया गेला तर महिन्याची मेहनत मातीत. ती खोलीकडे धावली. घटकाभरच ती रांजणाशी होती, तेवढ्यात दाराला आतून कडी.

"मामंजी!"

तिने दोन्ही तळव्यांनी दार बडवले. "मामंजी, कडी काढा हो!" जेवायला चला म्हणावे, असे ओठांवर आले. ते तिने गिळले.

"मामंजी, नीळ बिघडतेय. धागा राखाडी निघतोय. मला खरंच कळत नाही हो, यांनाही कळणार नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर रांजण जाईल!" ती रडत होती.

आत खाट करकरली. मग कित्येक दिवसांनी तो खरखरीत, किंचित चिडका आवाज आला:

"रडतेस काय? आधी बोट बुडव. वास कसा येतो ते सांग... थांब, तू नको. मीच येतो."

आणि कडी वाजली.

पूर्वजन्मीची ही कथा एवढी सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, ते नंदिक म्हणजे दृष्टी मंदावली म्हणून संघात मागे मागे बसणारे हे आपले वृद्ध स्थविर. त्यांना रोज सूत्राचा अर्थ विचारायला येणारी उपासिका, ती उत्पला. आणि तो वैद्य मीच होतो." मग त्यांनी त्या जन्मी साधलेल्या पारमितेचे, म्हणजे पूर्णत्वाला नेलेल्या गुणाचे, नाव घेतले: प्रज्ञा, जी करुणेला डोळे देते.