अडवणाऱ्याचे उपकार

“मग हा अँटीव्हायरस काढूनच टाकू ना, बाबा?”

शार्दूलचा आवाज चढला होता. लॅपटॉपवर लाल चौकट आली होती. त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम धोकादायक ठरवून अँटीव्हायरसने अडकवून ठेवला होता.

अचलगिरी बाबांनी उत्तर दिले नाही. देता येतही नव्हते. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज कायमचा गेला होता. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलत. मठात सगळ्यांचे त्यावर भागत होते, एक कोंडाजी सोडून. दारावर बसणारा म्हातारा कोंडाजी आंधळा होता. त्याला पाटी काय दाखवणार?

म्हणून बाबांचा शिष्य शार्दूल पुण्याहून हा प्रोग्राम घेऊन आला होता. बाबांनी टाइप करायचे, लॅपटॉपने बोलायचे. आणि आजच बोलायला हवे होते. कोंडाजीने गाठोडे बांधले होते. दुपारच्या एसटीने तो मठ सोडून भाच्याकडे निघाला होता, कायमचा.

“अक्षर न् अक्षर मी लिहिलंय,” शार्दूल म्हणाला. “हा तर चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय.”

बाबा स्वतः संन्यासी. ते गालात हसले आणि पाटीवर लिहिले, ‘तो तुझ्या प्रोग्रामला ओळखतो?’

“…नाही. नवा आहे तो. कुणाच्याच ओळखीचा नाही अजून.”

‘मग त्याचे काय चुकले?’

तरी शार्दूलचा राग काही उतरला नाही. असल्या आंधळ्या राखणीचा उपयोग काय, असे तो पुटपुटला.

बाबांनी पाटी पुसली. सावकाश लिहिले.

‘कोंडाजीलाही काढून टाकू?’

शार्दूलला काही कळेना. तेव्हा बाबांनी पाटी पुन्हा पुन्हा पुसत सगळी हकिकत लिहिली.

मठातली समई चोरीला गेली, तेव्हा बाबांनीच कोंडाजीला बजावले होते की नाव सांगितल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचे नाही. शस्त्रक्रियेनंतर बाबा न कळवता एकटेच परतले. दार वाजवले. आत एकट्याच असलेल्या कोंडाजीने नाव विचारले. बाबांच्या घशातून नुसती हवा आली. कोंडाजीने कडी काढली नाही. दूधवाला येऊन ओळख सांगेपर्यंत बाबा पायरीवर बसून राहिले.

आपण बाबांनाच बाहेर ठेवले, हे कळल्यापासून कोंडाजी धड जेवला नव्हता. आता आपण दारावर बसायच्या लायकीचे नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. बाकीच्यांनी कितीही समजावले तरी त्याला ते पटत नव्हते.

“तुम्हाला राग नाही आला, बाबा?”

‘ऊन लागले.’

बाबा थोडे थांबले. मग त्याखाली लिहिले, ‘पण बरे वाटले. दार शाबूत होते.’

शार्दूलने फाइल सोडवायला लॅपटॉप पुढे ओढला, तोच बाबांनी पाटी आडवी धरली.

‘ही फाइल तुझीच, कशावरून?’

हे त्याने तपासलेच नव्हते. पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइलशी त्याने ती ताडून पाहिली. त्याचीच होती. मग तेवढी एक फाइल त्याने सोडवली आणि तिचे नाव विश्वासातल्या प्रोग्रामांच्या यादीत घातले. अँटीव्हायरस चालूच ठेवला. दूधवाल्याने बाबांसाठी जेवढे केले होते, तेवढेच त्याने केले.

कोंडाजीला बोलावणे गेले. तो बगलेत गाठोडे घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला.

बाबांनी एका बोटाने टाइप केले. लॅपटॉप कोरड्या आवाजात बोलला, “कोंडाजी, तुझे उपकार आहेत.”

कोंडाजी दचकला. “कोन हाय? ह्यो बाबांचा आवाज न्हाई.”

शार्दूल समजवायला पुढे झाला. बाबांनी त्याला हातानेच थांबवले. हसून त्यांचे खांदे हलत होते आणि डोळे भरून आले होते. उठून त्यांनी कोंडाजीचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर टेकवला. म्हाताऱ्याच्या बोटांनी टाक्यांचा व्रण चाचपला, मग खालची ओळखीची रुद्राक्षमाळ…

तो बाबांच्या पायाशी बसला.

“चुकलो, बाबा. पुन्यांदा वळखलं न्हाई.”

बाबांचा एक हात त्याच्या खांद्यावर होता. दुसऱ्या हाताने ते शार्दूलने पुढे धरलेल्या लॅपटॉपवर एकेक अक्षर दाबत होते…

लॅपटॉप बोलला, “पुढच्या वेळीही अडव.”