मधला राउटर

"पण सगळ्या वाटा एकाच जागी आणल्या तर बिघडलं कुठे, भन्तेजी?"

शलाका रंगारीने पुन्हा तेच विचारलं.

भिक्खू होण्याआधी भन्ते सुमेधांनी उमेदीची वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, पण त्याबद्दल ते सहसा बोलत नसत.

शलाका नागपुरात मोठमोठ्या कंपन्यांची नेटवर्क उभारायची. सुट्टी काढून ती तलावाकाठच्या या विहारात ध्यान शिकायला आली. आल्याआल्या तिने इथलं नेटवर्क पाहिलं, आणि ध्यान बाजूलाच राहिलं.

टेकडीवर विहार. पायथ्याशी विहाराचाच दवाखाना. तलावापलीकडे मुलींचं वसतिगृह. प्रत्येक इमारतीतले संगणक आपापसांत जोडलेले होते, आणि प्रत्येक इमारतीच्या वेशीवर एक राउटर होता. आतलं आत राहू द्यायचं, बाहेरचं योग्य दिशेला धाडायचं, एवढंच त्याचं काम.

शलाकाने विहारात एक मोठा, भारी राउटर बसवला. दवाखाना त्याला जोडला, वसतिगृह त्याला जोडलं, बाहेर जाणारी इंटरनेटची नवी लाइनही त्यालाच दिली. वसतिगृहाची जुनी, धिमी लाइन तिने सोडवून ठेवली; ती आता काढूनच टाकू, असंही तिने सुचवलं.

"मधल्याला सगळं माहीत असतं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी फक्त त्याच्याकडे पाठवायचं."

भन्ते उठले. राउटरपाशी गेले आणि त्याचं बटण बंद केलं.

हिरवे दिवे विझले.

थोड्याच वेळात दवाखान्यातून फोन आला. मग वसतिगृहातून. बाहेरचं जग तर तुटलंच होतं, पण मध्ये नुसता तलाव असूनही दवाखान्याला वसतिगृह सापडत नव्हतं.

भन्तेंनी बटण पुन्हा चालू केलं आणि आपल्या जागेवर येऊन बसले...

शलाकाला राग आला. मुद्दाम बंद केलं तर काहीही बंद पडेल, असं तिच्या मनात आलं. तरी दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याच्या आणि वसतिगृहाच्या छपरांवर समोरासमोर दोन छोटे अँटेना लावले आणि तलावावरून थेट जोडणी केली. दोन्हीकडच्या साध्या राउटरांची एकमेकांशी ओळख करून दिली. वसतिगृहाची जुनी लाइनही पुन्हा जोडून ठेवली. भन्तेंचा मान राखायचा, एवढ्यासाठीच. तिच्या हिशेबी ती उधळपट्टी होती, आणि लवकरच ती हे सगळं विसरूनही गेली.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी आभाळ भरून आलं आणि टेकडीवर वीज कोसळली.

खोलीत करपल्याचा वास पसरला. मोठा राउटर जळाला होता.

त्याच वेळी खाली दवाखान्यात देवका शेंडे ही मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतली बाई होती. तिला मण्यार चावला होता आणि तिचा श्वास मंदावत चालला होता, म्हणून तोंडावर मास्क धरून हवेचा फुगा हाताने दाबत तिला श्वास दिला जात होता. रस्त्यावर झाड पडल्यामुळे तिला मोठ्या इस्पितळात हलवता येत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टर मृणाल चहांदे नव्या होत्या. नागपूरच्या एक अनुभवी डॉक्टर व्हिडिओ कॉलवरून त्यांना एकेक गोष्ट सांगत होत्या. तो कॉल शलाकानेच लावून दिला होता.

ती अनवाणीच पायऱ्या उतरत धावली. आपल्या एका यंत्रावर आपण एका बाईचा जीव टांगून ठेवला, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

दवाखान्याच्या दाराशी ती थबकली. आतून आवाज येत होता.

"फुगा दाबत राहा... घाई नको. छाती वर येतेय ना, तेवढं बघा."

आवाज नागपूरचा होता.

नंतर मृणालने सांगितलं की पडदा मध्येच गोठला होता आणि आवाजही बंद झाला होता. मग तो आपोआप हलायला लागला. कुणी कशाला हातही लावला नव्हता.

शलाका दारातच खाली बसली. तिला हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. त्या रात्री पाळीपाळीने फुगा दाबणाऱ्यांत तीही होती. उजाडताना देवकाने स्वतःचा श्वास स्वतः घेतला, डोळे उघडले आणि खुणेने पाणी मागितलं. मग कुणीतरी चहा ठेवला.

सकाळी शलाका टेकडी चढून आली. भन्ते अंगणातला पाचोळा झाडत होते. तिने वंदन केलं आणि घडलं ते सांगितलं. विहाराकडची वाट बंद झालेली पाहून दवाखान्याच्या राउटरने सगळं तलावापलीकडे वसतिगृहाकडे धाडलं, आणि तिथून ते जुन्या लाइनने बाहेर पडलं.

भन्तेंनी मान डोलावली. झाडू चालूच होता.

ती घुटमळली.

"भन्तेजी, ज्याला सगळं माहीत होतं तो तर जळून गेला... मग त्या छोट्याला नागपूरची वाट कुठून माहीत होती?"

भन्ते थांबले. खाली दवाखान्याच्या छपराकडे पाहत राहिले...

"नव्हतीच," ते म्हणाले. "त्याला शेजारी माहीत होता."