पेरूच्या मुळांवरच्या गाठी

“पण मुळं जाड होती म्हणूनच ती रोपं निवडली ना मी?” श्रीरंग म्हणाला.

धर्मगिरीबाबा मुळांकडे बघत होते. मठामागच्या बागेत नुकतंच उपटलेलं पेरूचं झाड आडवं पडलं होतं. मुळांवर बोराएवढ्या गाठी.

श्रीरंग बाबांचा लाडका शिष्य. शेतकी कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मठात कमी आणि ऐटीत जास्त येई. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा रोपवाटिकेतून त्यानं पेरूची दहा रोपं आणली, पिशव्या फाडून स्वतः लावली. आता रोग बाबांच्या हातच्या चाळीस जुन्या झाडांत पोचला होता. सगळी काढावी लागणार होती.

“हे होतं कसं?” बाबांनी विचारलं.

कुणी काही विचारलं की श्रीरंगमधला मास्तर जागा व्हायचाच. दुःखातही झाला.

“पानं साखर करतात, ती मुळात उतरते. मुळातले एन्झाइम ती फोडतात, त्यावर मूळ जगतं. मातीतली डोळ्यांना न दिसणारी सूत्रकृमी आत शिरली, की तिच्याभोवती हेच एन्झाइम जोरात कामाला लागतात. साखर तिकडंच ओढली जाते. गाठ फुगते... झाड उपाशी राहतं.”

“एन्झाइम त्या कृमीचे?”

“नाही, बाबा. झाडाचेच.”

“म्हणजे घरच्यांनीच ताट वाढलं.”

“हो. आपण कुणाला भरवतोय, ते झाडाला कळतच नाही.”

बाबा खाली बसले. एक गाठ हातात घेऊन अंगठ्यानं चोळत राहिले...

श्रीरंग त्यांच्यासमोर बसला. “चुकलो मी, बाबा. एवढा शिकलो, पोरांना शिकवतो, आणि गाठींना पुष्ट मुळं समजलो. तुमची बाग माझ्या हातून गेली. रागवा तरी!”

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग श्रीरंगच्या काहीतरी ध्यानात आलं.

“बाबा... तुम्ही जन्मभर पेरू लावलेत. मी रोपं लावत होतो तेव्हा शेजारीच उभे होता. तुम्हाला गाठी दिसल्या नव्हत्या?”

“दिसल्या होत्या.”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी हातातली गाठ मातीवर ठेवली. वर न बघता म्हणाले,

“तू किती खुशीत होतास, बाळा.”