साळिंदरानं लांब गाडी घेतली

करवंदीच्या जाळ्यांनी गच्च भरलेल्या एका रानात एक साळिंदर राहत असे, आणि त्या रानात सुरण खावा तर त्याच्याकडचाच. हे मी उगीच म्हणत नाही, मुलांनो. जमिनीत कंद कुठे पोसलाय आणि कुठे अजून कोवळा आहे, हे तो नुसतं नाक लावून ओळखायचा आणि नखं झिजेपर्यंत उकरायचा. असं वर्षानुवर्षं राबून त्यानं कंदमुळांचा मोठा धंदा उभा केला होता. माल पोचवायला त्याच्याकडे एक टेम्पो होता, मातीनं माखलेला, मागचं फळकूट दोरीनं बांधलेला. टेम्पो लांबून दिसला की रानातली पिल्लं "रताळी आली, रताळी आली" करत धावायची. यापेक्षा जास्त मान कुणाला कशाला हवा? पण साळिंदराला तो हवासा वाटायला लागला, आणि त्याला कारणही तसंच घडलं.

मोराच्या घरी बारसं होतं. साळिंदर फेटा बांधून, बायकोला आणि मुलीला घेऊन टेम्पोतून गेला. दारात गाड्या लावून घ्यायला माकड उभं होतं. त्यानं रानडुकराची जीप पुढे घेतली, हरणांची नाजूक गाडी सावलीत लावली आणि टेम्पोकडे बघून म्हणालं, "भाजीवाल्यांनी मागच्या दारानं जायचं." एवढा मोठा फेटा त्याला दिसलाच नाही. साळिंदर मागच्या दारानं आत गेला, पेढा खाल्ला, पाळण्याची दोरी ओढली आणि घरी आला. पण तो पेढा काही त्याला पचला नाही.

तेवढ्यात मुलीच्या लग्नाचं निघालं. ओढ्यापलीकडच्या टेकडीत साळिंदरांचं एक जुनं, नाव असलेलं घराणं होतं. त्यांचा मुलगा आणि आपली मुलगी एकाच झाडाखाली जांभळं वेचता वेचता एकमेकांना आवडली होती. आता मोठ्यांची बैठक तेवढी राहिली होती. मुलीकडच्यांनी टेकडीवर जायचं आणि तिकडच्या आजीनं हो किंवा नाही म्हणायचं. त्या घरात आजीचा शब्द शेवटचा. मुलगी दिवसभर एकटीच हसायची आणि कुणी बघितलं की एकदम गंभीर व्हायची, यावरून काय ते समजा.

साळिंदराच्या जिवाला मात्र घोर लागला. टेम्पोतून टेकडीवर गेलो आणि तिथेही कुणी मागच्या दाराकडे बोट दाखवलं तर? आपल्या अंगावरच्या मातीपायी पोरीचं लग्न मोडलं तर? तो उठला आणि वडाखाली कोल्ह्यानं गाड्यांचं शोरूम थाटलं होतं तिकडे थेट चालू लागला. त्याची बायको साळू मागोमाग निघालीच. कुठलीही मोठी खरेदी ती एकट्या नवऱ्यावर सोडत नसे, आणि बरोबरच होतं तिचं.

कोल्ह्याला गाड्यांची माहिती बेताची, पण गिऱ्हाइकाची पुरेपूर. गाडी कुठे न्यायची, कोण बसणार, रस्ता कसा आहे, असं त्यानं काहीसुद्धा विचारलं नाही. गाडी कुणाला दाखवायची आहे, एवढंच हळूच काढून घेतलं. मग म्हणाला, "शेठ, लहान गाडी घेतलीत तर लोक विचारतील, कितीला पडली. जीप घेतलीत तर विचारतील, किती पळते. आणि ही घेतलीत तर कुणी काही विचारणार नाही. नुसते बाजूला होतील."

ही म्हणजे एक काळीभोर, लांबलचक गाडी. ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत, मागे ऐसपैस डिकी, काचा काळ्या, छतालाही सरकणारी काच. कोल्ह्यानं दार लावून दाखवलं. आवाज म्हणून झाला नाही. आतलं बोलणं बाहेर जात नाही, बाहेरचा गोंगाट आत येत नाही, गाडी शेजारून गेली तरी गवताला पत्ता लागत नाही, असं तो सांगत होता आणि साळिंदर तोंड उघडं टाकून ऐकत होता.

साळूनं मागची गादी दाबून बघितली. जाड, मऊ, चकचकीत कातड्याची होती.

"कातडं कुणाचं?" तिनं विचारलं.

कोल्ह्यानं घाईघाईनं सांगितलं की कुणाचंच नाही, ते कारखान्यात बनतं. मग साळूनं विचारलं की आमच्या अंगावर हे एवढाले काटे, आम्ही या मऊ गादीवर टेकायचं कसं? त्यावर कोल्हा गोड हसून म्हणाला, "वहिनी, असल्या गाडीत बसायला शिकावं लागतं." तिनं शेवटी रंगाचं काढलं, मातकट रंग घेऊ, धूळ दिसणार नाही. मातकट रंगात ही गाडी येतच नाही, असं सांगताना कोल्ह्याला अगदी वाईट वाटल्यासारखं झालं. झालं, तिथेच सौदा पक्का. ज्या गाडीला मातीचा रंगही चालत नाही तीच गाडी साळिंदराला हवी होती.

आता साळिंदरांची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्यांच्या शेपटीत काही काटे पोकळ असतात. शेपटी हलवली की ते खुळखुळतात, आणि प्रत्येक घराण्याची खुळखुळ वेगळी. पाहुण्यांतल्या कर्त्यानं टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून शेपटी वाजवायची, वरून उत्तर आलं की मगच चढायचं. कारण न वाजता दाराशी येतो तो बिबट्या, हे त्यांच्यात दूधपित्या पिल्लालाही ठाऊक असतं.

निघायच्या दिवशी साळूनं ही आठवण करून दिली. पायथ्याशी उतरू, रीतीनं वाजवू, मग गाडीनं वर जाऊ, असं तिचं म्हणणं. साळिंदराला ते पटेना. एवढी गाडी घ्यायची आणि रस्त्यात उतरून शेपटी हलवत उभं राहायचं, हे त्याला आता कमीपणाचं वाटत होतं. दारातच उतरायचं, गाडी बघूनच ते काय ते समजतील, असं त्यानं ठणकावलं.

"बरं," साळू म्हणाली. "तुम्ही ऐकणार नाही ते मला माहीत होतं. सांगितलं नाही असं व्हायला नको."

पहिल्या दिवशी गाडी दुकानाचाच माणूस चालवतो म्हणून कोल्हा टोपी घालून पुढे बसला. मागे हे तिघं. साळू आणि मुलगी गादीच्या अगदी कडेला, पुढच्या सीटची पाठ धरून बसल्या. साळिंदरही तसाच बसला होता, पण कोल्ह्यानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "शेठ, टेकून बसा. असे कडेला बसलात तर बघणाऱ्याला वाटेल, गाडी दुसऱ्याची आहे."

साळिंदर टेकला. पाठीचे काटे गादीत सुईसारखे शिरले आणि तो तिला चिकटून बसला. त्याला वाटलं, वा, किती घट्ट धरते ही गाडी.

वाटेत ससे बाजूला झाले. रानडुकरानं जीप कडेला घेतली. साळिंदराचा ऊर भरून आला. पुढे त्याचा जुना दोस्त कासव दिसला, त्याला यानं हात केला, पण काचा काळ्या. कासवानं वर बघितलंच नाही. सगळे गाडीला वाट देत होते, साळिंदराला नाही. आत बसल्यावर हा फरक कळत नाही.

टेकडीवर त्या वेळी सगळं घराणं पाहुण्यांची वाट बघत होतं. बिळाच्या दाराशी शेण-मातीचा सडा घातला होता, पळसाच्या पानांवर कंद मांडले होते, आणि सगळ्यांचे कान पायथ्याकडे लागले होते. खुळखुळ काही येईना. आणि अचानक झुडपांतून एक लांब, काळं, चमकणारं धूड निघालं. पायाचा आवाज नाही, श्वासाचा आवाज नाही, सरपटत थेट दाराकडे. आणि त्याच्या डोक्यात, काचेमागे, टोपी घातलेला कोल्हा.

तुम्ही काय केलं असतं? त्यांनीही तेच केलं. आजीला आणि पिल्लांना आत ढकललं, दाराला दगड लावला आणि सगळे जण गाडीकडे पाठ करून उभे राहिले. याला पळणं समजू नका. साळिंदर लढतो तो पाठमोरा. काटे ताठ झाले, "हाणा" अशी आरोळी उठली आणि अख्खं घराणं उलट्या पावली धावत गाडीवर येऊन आदळलं. सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत मागे, नवरा मुलगा होता. पुढचं चाक बसलं, मागचं बसलं, लांब गाडी कुशीवर कलली. कोल्ह्यानं टोपी आणि किल्ली तिथेच टाकली आणि कंपनीला कळवून येतो म्हणत जाळीत उडी मारली. काटेरी पाठींच्या फटीतून तो कसा निसटला हे त्याचं त्यालाच ठाऊक.

साळिंदर आतून ओरडला, अहो मी आहे, मुलीचा बाप आहे. बाहेर चकार शब्द गेला नाही. त्याच गुणाला भुलून तर त्यानं गाडी घेतली होती. साळूनं पुढे वाकून हॉर्न दाबला. हॉर्नही उंची होता, बासरीसारखा मंजुळ. बासरी वाजवणारं धूड बघून बाहेरचे आणखीच पिसाळले. दार उघडायची सोय नव्हती, चहूकडून काटेच काटे. साळूची खुळखुळ तिच्या माहेरची, ती इथे कुणी ओळखणार नाही. मुलीच्या शेपटीचे काटे अजून कोवळे, वाजत नव्हते. वाजवायचं ते साळिंदरानंच, आणि त्याला तर गादीवरून हलता येईना.

मुलीनं काचेतून बघितलं. नवरा मुलगा पुन्हा धावून यायला दूर जात होता.

"बाबा, परत जाऊ या," ती हळूच म्हणाली. "त्यांना आपण नको आहोत."

ते ऐकून साळिंदराचं काळीज हललं. परत गेलो तर ही पुन्हा हसायची नाही, हे त्याला कळलं. त्यानं गादीची पर्वा केली नाही, पाठीची केली नाही. सगळा जोर लावून उठला. चर्र आवाज झाला, गादी फाटली, पाठीवरच्या काट्यांचा एक जुडगा कापसात उभाच राहिला. साळूनं दिसेल ते बटण दाबत छताची काच सरकवली. नुसत्या हाकेवर आता कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, वाजायलाच हवं होतं. पण शेपटी छतापर्यंत न्यायची कशी? एकच मार्ग होता. इतक्या मोठ्या धंद्याचा मालक, फेटा बांधलेला, त्यानं गादीवर डोकं टेकलं, पाय वर केले, आणि त्या रुबाबदार गाडीच्या छतातून आपली पार्श्वभागासकट शेपटी बाहेर काढून जीव तोडून वाजवली.

खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ.

सगळे जागच्या जागी थबकले. मग दगडामागून, बिळाच्या पार आतून, एक जुनी खरखरीत खुळखुळ उत्तराला आली, आणि आजीचा आवाज आला, "थांबा रे पोरांनो. व्याही आलेत."

पोरांनी वळून बघितलं. चारी चाकं बसलेली काळी गाडी, आणि तिच्या छतातून वर आलेलं व्याह्यांचं ते दर्शन. नवरा मुलगा हसू दाबायला गेला आणि त्याच्या शेपटीतूनच ते फुटलं. साळिंदरांचं असंच असतं, हसले की काटे वाजतात. मग त्याचा बाप वाजला, काका वाजले, गाडीत साळू वाजली, आणि शेवटी खाली डोकं वर पाय असा साळिंदर स्वतःच हसायला लागला. सगळी टेकडी खुळखुळ्यासारखी वाजत होती.

दगड सरला. मुलाच्या बापानं पाहुण्यांना हात धरून उतरवलं आणि चाकांबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागितली. आजीनं साळिंदराला शेजारी बसवून घेतलं. त्याच्या पाठीवर मधोमध चांगलंच टक्कल पडलं होतं. काय झालं, असं तिनं विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "आजी, चूक माझीच. रीत सोडली. तुम्ही आम्हाला मोठं समजावं म्हणून गाडी आणली."

आजीनं हात पुढे करून चाचपडत त्याचा पंजा शोधला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

"कसली गाडी?" ती म्हणाली. "मला दिसेनासं होऊन किती पावसाळे झाले. काहीतरी मुकं दाराशी आलंय म्हणून पोरांनी आत ढकललं, एवढंच मला ठाऊक. मग तुम्ही वाजलात. दर हंगामाला पायथ्याशी सुरण उतरवताना वाजता, तसेच. तुमचा सुरण खाता खाता माझे दात पडले हो. तुम्ही किती मोठे, ते मला गाडीनं सांगायचं?"

मग आजीनं मुलीला जवळ बोलावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, तिला आपल्या नातवाशेजारी बसवलं आणि दोघांच्या तोंडात मधाचं बोट घातलं. बैठक संपली.

संध्याकाळी ओढ्यापर्यंत सगळं घराणं पाहुण्यांना पोचवायला चालत आलं. पुढे साळिंदर, त्याच्या खांद्यावर हात ठेवून आजी. ससे, रानडुक्कर, कासव, सगळे खुळखुळ ऐकून आपापल्या दारात आले, आणि जो तो साळिंदराला नावानं हाक मारून विचारत होता, "काय, जमलं का लेकीचं?"

तात्पर्य : गाडी फार तर दारापर्यंत नेते, दार उघडतं ते ओळख पटल्यावर, आणि तसली ओळख दुकानात मिळत नाही, ती राबून कमवावी लागते.