थुंकीचा धोंडा

हां हां, पाव्हणं, हात जोडू नका त्याला! शेंदूर नाही तो. पान खाऊन थुंकलंय सगळं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. चपला काढल्यात त्याही घाला परत. पाचगावच्या तळ्यावर आलेलं नवं माणूस आधी देवीचं देऊळ विचारतं. या बाजूला दर तळ्याला एक देवी आहे, कुणाची तरी सून पाण्याला दिलेली. इथं देऊळ नाही. इथं हा धोंडा आहे आणि त्याच्यावर थुंकायची रीत आहे. ती कशी पडली, ते आमच्या खालच्या वाडीची म्हातारी माणसं जसं सांगत आली तसंच सांगतो.

पूर्वी या पाच गावांवर एक जहागीरदार होता म्हणे. माणूस कसला, जळू! तळ्याचा गाळ काढायला तो गावंच्या गावं आसुडाखाली जुंपायचा. शेवटी पाची गावं एक झाली आणि त्यांनी त्याला हाकलून लावलं. मग गावांचे पाच कारभारी याच धोंड्यावर हात ठेवून बसले आणि त्यांनी करार केला. आता कुणी कुणाला हुकूम करायचा नाही. तळं सगळ्यांचं. पाची माना हलल्या तर काम करायचं, एक जरी हलली नाही तरी काम बंद. ज्याला यायचं त्यानं यावं, नसेल यायचं त्यानं घरी बसावं. आसूड खाल्लेल्या माणसांना हे अमृतासारखं गोड लागलं असणार. त्यात त्यांचं फार चुकलं असंही नाही.

पण झालं काय, की गाळ तसाच राहिला. बांधाला भगदाड पडलं, ते बुजवायला चार माना हलल्या, पाचवी नाही. वरच्या गावाचा कारभारी हैबतराव. त्याच्या गावाला डोंगरातला झरा होता. तो म्हणायचा, आम्हाला तळ्याचं पाणी लागतं कुठं? आणि मान ताठ ठेवून निघून जायचा. बाकीचे तरी काय मोठे धुतल्या तांदळाचे! हैबतरावाच्या आडून जो तो आपलं अंग काढून घ्यायचा.

अशात एक म्हैस तळ्यात रुतली, मेली आणि वाहत येऊन बांधातल्या, पाटाला पाणी सोडायच्या मोरीच्या तोंडाशी अडकली. कुणाची म्हैस, कुणी कबूल होईना. ती फुगली. मग फुटली. पाण्यावर तेलकट तवंग आला, किडे वळवळायला लागले, वास असा की घास तोंडाशी नेला की पोटातून वर यावं. आणि कारभारी धोंड्यावर बसून, नाकाला धोतराचा सोगा लावून, चर्चा करत होते. थू!

एका गोष्टीवर मात्र त्यांचं आधीच एकमत होतं. मेलेलं ढोर खालच्या वाडीनं ओढायचं. तेव्हा महारवाडा म्हणत. या वाडीला तळ्याला हात लावायची बंदी, बांधाखाली खड्ड्यात पाझरेल ते पाणी प्यायचं. आणि त्याच वाडीनं तळ्यात उतरून म्हैस काढायची! बोलावणं गेलं तेव्हा वाडीतर्फे धुरपदा आली. विधवा बाई, एकुलता मुलगा दूर कुठं फौजेत, घरात नवी सून, राही. धुरपदा म्हणाली, "हुकूम सरला म्हंता न्हवं? मंग आमच्यावरचाबी सरला. आम्हास्नी करारात घ्या. तुमच्या खांद्याला खांदा लावून वडतो." कारभारी परत चर्चेला लागले. म्हैस तिथंच राहिली.

पोरांना हगवण लागली. दोन-चार दगावली. तेव्हा कारभाऱ्यांनी दोर आणले का? छे! देवरुषी आणला. त्यानं घुमून सांगितलं, तळं भुकेलं आहे, नवी सून मागतंय. आणि बघा पाव्हणं, ज्या माना एका भगदाडासाठी हलल्या नव्हत्या, त्या पाचीच्या पाची नंदीबैलासारख्या डोलल्या. हैबतरावाचीसुद्धा. सून कुणाची, यावरही वाद झाला नाही. ज्या वाडीचं करारात नाव नाही, तिची.

राहीला न्यायला माणसं आली तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. धुरपदा भ्यालीच. पण किळस भीतीहून मोठी असते असं सांगतात. तिला त्या माणसांची इतकी किळस आली की रडूच येईना. राहीचा हात धरून ती स्वतःच धोंड्याशी आली.

"देते," ती म्हणाली. "पर देवाची रीत पाळा. पाण्याला द्याची सून म्हंजे देवी झाली. पाचांनी तिचं पाय धुवा, ह्याच तळ्याच्या पाण्यानं. आन्‌ पाचांनी तीर्थ घ्या."

देवरुष्याला नाही म्हणता येईना, रीत तशीच होती. घंगाळ भरून आणलं. पाण्यात काय काय तरंगत होतं ते सांगत नाही, तुम्ही जेवून आलाय. पोरीचे पाय धुतले गेले. पहिल्या कारभाऱ्यानं डोळे मिटून तीर्थ घेतलं आणि तिथंच, धोंड्यावर, भडाभडा ओकला. दुसरा ओकला. तिसरा कारभारी बाळोजी म्हणून होता, त्याचा नातू घरी हगवणीनं मरायला टेकलेला. तोही ओकला, चौथाही. मग ओंजळ हैबतरावापुढं आली. ते पाणी, आणि त्या वाडीच्या पोरीच्या पायाचं! हैबतरावानं ओंजळ झटकली.

"मी घेणार नाही. माझी ना आहे."

"मान हलली न्हाई," धुरपदा म्हणाली. "तुमचाच करार. माझी सून मी नेते."

राही तिच्या गळ्यात पडली. चार पावलं गेल्यावर धुरपदा मात्र थांबली, वळली आणि त्या धोंड्यावर पचकन थुंकली.

"ह्याच्या 'ना'नं माझी पोर वाचली म्हनून काय मी नाचू? ह्याच्याच 'ना'नं ती म्हस थितं सडतीया. उद्या ह्याचं पोट घट्ट आसंल, तर माझी पोर गेलीच की! कुनाला वकारी येती आन्‌ कुनाला न्हाई, त्याच्यावर मान्सानं जगायचं व्हय रं?"

मग बाळोजी मिशा पुसत उठला. म्हणाला, "जास्त माना हलल्या की काम धरायचं. उतरा पाण्यात." हैबतराव ओरडला, की पाचांशिवाय करार बदलता येत नाही. बाळोजी म्हणाला, "मग बदलत नाही. थुंकतो त्याच्यावर आणि नवा करतो." आणि तोही थुंकला. त्याच्यामागून आणखी दोघं थुंकले.

दोराला हात लावण्याआधी धुरपदानं नवा करार त्यांच्याकडून मोठ्यानं वदवून घेतला. सामाईक कामाला जास्तीच्या माना पुरेत, आणि ठरलं की ते सगळ्यांवर बांधील. न येणाऱ्याचा पाट बंद. खालच्या वाडीला सहावी मान. आणि माणसाचा जीव कुणाच्याच मानेवर ठेवायचा नाही, सहाच्या सहा हलल्या तरी नाही. मग सगळे उतरले. म्हैस ओढताना तिचा पाय निखळून हातात आला म्हणे. लोक ओकत होते आणि ओढत होते. मोरी मोकळी झाली. हैबतराव काठावर उभा राहिला, पण त्याच्या गावचीच पोरं पाण्यात उतरलेली बघून शेवटी गुडघ्याएवढ्या पाण्यात आला.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. करार बोलायला एक दुपार पुरली. वाडीच्या घागरीला घाटावर जागा द्यायला मात्र पिढ्या गेल्या, तीही भांडूनच मिळाली. आणि तळ्याला अजून पाचगावचंच म्हणतात. सहावी आमची वाडीही धरा म्हटलं की पाची गावचे लोक खरचटल्यासारखं तोंड करतात.

आजही कुठल्याही गावात नवा सरपंच निवडून आला की आधी इथं येतो. जुन्या करारावर थुंकतो आणि तळ्यातलं ओंजळभर पाणी सगळ्यांदेखत पितो. काही शहाणे बाटलीचं पाणी ओंजळीत लपवून आणतात, आम्ही ओळखतो. देऊळ मात्र बांधलं नाही. कारभाऱ्यांच्या मनात होतं, राहीच्या नावानं बांधू म्हणत होते. धुरपदानं हाकलून दिलं त्यांना. देवी कशाला, घरी भाकऱ्या पडल्यात म्हणाली.

राहीचा नवरा फौजेतून परत आला. तिला पोरं झाली, नातवंडं झाली. दात पडले, कान गेले, सुनांशी भांडून भांडून ती एका सकाळी आपल्या खाटेवर मेली. या तळ्यावर चमत्कार कुठला घडला असं विचाराल, तर हाच.